तेराशे कौलं

रात्री अकराला स्टुलावर चढून
मी छताला तळहात लावतो.
चार तास झाले सूर्य खाडीच्या तोंडाशी बुडून,
स्लॅबला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी देवगडच्या बर्फाच्या कारखान्यात आहे.
बावीस वर्षं.
गारवा कसा राखायचा, हे मला विचारा:
दार किती वेळ उघडं ठेवायचं,
भिंतीत थर्माकोल किती जाड,
कुठे फट राहिली की लादी रडायला लागते.
सुरमई माझ्या हाताखालून कोल्हापूरला जाते
आणि तिथे उतरेपर्यंत डोळा काचेसारखा असतो तिचा.
सुगंधा म्हणते, "माशाक थर्माकोल, आणि माणसाक?"
आणि उशी उलटी करते.
दुसरी बाजूही गरमच.

घर बाबांनी ओतलं, दोन हजार चारला,
ट्रॉलरमधला हिस्सा विकून.
ओतलं, असंच म्हणायचे ते. बांधलं नाही.
मिक्सरच्या घरघरीत आख्खी वाडी जेवली.
शाकारणीची कटकट संपली,
माकडं आता नाचू देत किती नाचायचं ते, म्हणाले.
जुनी कौलं तेराशे, चार रुपयांनी एक;
बावन्नशे मोजून घेतले आणि हसले.
कुणी फसवलं नव्हतं त्यांना.
गळत नाही ते घर, एवढंच तेव्हा मागणं होतं.

मग पंखा, मग दुसरा पंखा, मग कूलर
(समुद्राकाठी कूलर!
ओल्या फडक्याने ओलं अंग पुसायचं),
मग हप्त्याने एसी,
जो खिडकीच्या फटीतून वाडीला गारवा वाटतो
आणि बिल तेवढं माझ्या नावावर येतं.
मे महिन्याचं चार हजार एकशे सत्तर.
खाऱ्या वाऱ्याने त्याची जाळी खाल्ली, ते वेगळे.

वासू मेस्त्री वर चढला, चप्पल काढून पाय ठेवला,
लगेच परत चप्पल घातली.
"तवो हा हो ह्यो. वरसून कौलां घाल,
मधी वारो खेळांदे."
सिगरेटच्या पाकिटावर आकडा लिहिला:
पाईप, कौलं, मजुरी, लोखंडाला दोन हात रंग,
कारण इथे लोखंड माणसाआधी म्हातारं होतं.
दोन लाख शहाऐंशी हजार.
खिडक्यांचं मागाहून बघू, म्हणाला.
म्हणजे तेही आहेच.

मनवाने वहीत भागाकार केला.
वर्षाला वाचणार पंधरा हजार सहाशे,
म्हणजे अठरा वर्षं चार महिने.
"आणि व्याज?"
"व्याज धरलं तर बाबा, मग भागतच नाही."
पतसंस्थेत दुचाकीला दुपारपर्यंत कर्ज मिळतं.
घर गार करायचंय म्हटल्यावर
साहेबांनी फॉर्म उलटून बघितला,
मागे तरी रकाना आहे का म्हणून.

मिठबावच्या अलीकडे एक रिसॉर्ट आहे.
बर्फ मीच पोचवतो.
आत उभं राहून वर बघितलं की कौलांच्या पाठीवर
मोराचा शिक्का दिसतो, पिसारा मिटलेला.
लहानपणी तापात पडल्या पडल्या
हेच मोर मोजायचो मी.
मॅनेजर म्हणाला, जुना माल आहे, आता मिळत नाही असा.
एका रात्रीचे साडेचार हजार घेतात.
मी पावतीवर सही घेतली
आणि निघायला जरा उशीरच केला.
फार बरं वाटत होतं तिथे.

कर्ज नाही काढलं.
पगार झाला की वीस-तीस कौलं आणतो,
पंचेचाळीसला एक, बिनशिक्क्याची,
मागच्या माडाखाली रचतो.
पाकिटावरचा आकडा आता धरू नको, वासू म्हणतो, पाईप वाढला.
रचलेल्या कौलांत एक धामण राहायला आली आहे.
दुपारी बाहेर येतच नाही.
तिचं काम झालं.

काल मोजली. चारशे अकरा,
दोन तडकलेली धरून.
हात झाडून आत आलो.
स्टूल तिथेच होतं.